आधी स्वतःची कंबर मोज म्हणावं!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गौरी-गणपती नुकतेच आटोपले होते आणि हिंजवडी गावठाणातल्या समाजमंदिरात आमच्या महिला मंडळाची बैठक भरली होती. चाळीसेक बायका होत्या. हळदीकुंकवाला येतात त्याच्या निम्म्याच, पण आरोग्यावरच्या भाषणाला एवढ्या आल्या म्हणजे पुष्कळ झालं, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. बोलायला उभ्या राहिल्या आमच्या आशाताई. विषय होता रक्तदाब, शुगर आणि वाढतं वजन.

आशाताई हे त्यांचं नाव नव्हे, हे मैत्रिणींनो तुम्हाला सांगायला नकोच. गावोगावी आरोग्य खात्याची जी 'आशा' कार्यकर्ती असते, तीच ही. आमच्या आशाताई अंगाने चांगल्याच भरलेल्या आहेत. तीन पायऱ्या चढून माइकपाशी आल्या तर त्यांना धाप लागली होती. दोन घोट पाणी प्यायल्या, पिशवीतून मोजायची टेप काढली आणि म्हणाल्या, "बायांनो, घरी गेल्यावर एक करा. कंबर मोजा. ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर..."

"आधी स्वतःची मोज म्हणावं!" मागच्या रांगेतून आवाज आला.

असा हशा पिकला, विचारू नका! आशाताईही हसल्या. टेप गुंडाळून त्यांनी पिशवीत टाकली. वीस मिनिटांचं बोलणं सात मिनिटांत उरकलं आणि "लेकीच्या क्लासची वेळ झाली" म्हणून चहाही न घेता निघून गेल्या. मीही हसले होते. तोंडाला पदर लावून, पण हसले होते. माझं स्वतःचं वजन त्या वेळी ७४ किलो होतं, हे इथेच कबूल करून टाकते.

त्यानंतर महिला दिन आला. ८ मार्चला कुणाला बोलवायचं यावर आमच्या समितीत चर्चा झाली. "या वेळी कुणी तरी बघण्यासारखं बोलवू," असं एक जण म्हणाली. 'ऐकण्यासारखं' नव्हे हं, 'बघण्यासारखं'! आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. समोरच्या टॉवरमध्ये राहणारी एक वेलनेस कोच होती, तिला बोलावलं. बत्तिशीची असेल नसेल. ट्रॅक पँट, पांढरेशुभ्र बूट, सपाट पोट. तिने मोबाइलमधले स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक आधीचा आणि एक नंतरचा. सगळ्या बाया श्वास रोखून बघत होत्या. मागच्या रांगेतून चकार शब्द आला नाही. कार्यक्रम संपल्यावर पावडरच्या डब्यासाठी नावं नोंदवायला सतरा जणी उभ्या राहिल्या. पहिलं नाव माझ्या थोरल्या जाऊबाईंचं होतं.

जाऊबाईंची गोष्ट पुढे सांगते. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. डॉक्टर असो, आशा असो नाही तर आरोग्यमंत्री असो, त्यांच्या वजनावरून त्यांच्या बोलण्याचं वजन ठरवायचं का?

ठरवावंच, असं म्हणणाऱ्या बायका आमच्याकडे पुष्कळ आहेत आणि त्या काही वेड्या नाहीत. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण त्यांच्या ओठांवर तयारच असते. शिवाय ती गुळाची गोष्ट. तुम्ही आजीकडून ऐकली असेल. एक आई आपल्या मुलाला साधूबाबांकडे घेऊन जाते, हा फार गूळ खातो, याला सांगा म्हणते. बाबा म्हणतात, आठ दिवसांनी ये. आठ दिवसांनी मुलाला सांगतात, बाळ, गूळ खाऊ नकोस. आई विचारते, मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत? बाबा म्हणतात, तेव्हा मीच गूळ खात होतो. माझ्या सासूबाईंनी ही गोष्ट मला त्याच बैठकीनंतर रात्री भाकऱ्या थापताना ऐकवली. म्हणाल्या, "जी स्वतःला आवरत नाही, ती दुसऱ्याला काय सांगणार?"

मी तेव्हा गप्प बसले. उत्तर सुचलंच नाही. आता सुचतं. गूळ आठ दिवसांत सोडता येतो, वजन आठ दिवसांत सोडता येतं का? गूळ खाणं ही करणी झाली. वजन हे निव्वळ करणीचं फळ नसतं. त्यात वय असतं, बाळंतपणं असतात, थायरॉइड असतो, पीसीओडी असतो, स्टेरॉइडसारखी औषधं असतात, आईवडिलांकडून आलेला बांधा असतो आणि झोप न मिळालेल्या रात्रीही असतात. डॉक्टर टेबलामागे सिगारेट ओढत 'तंबाखू सोडा' म्हणाला तर त्याला जरूर बोला, कारण ते तो आत्ता, आपल्यासमोर करतो आहे. पण एखादीचं शरीर बघून ती काय खाते, किती चालते, काय सोसते हे आपल्याला कळलं असं समजायचं, हा निव्वळ आगाऊपणा आहे. आणि खरं सांगायचं तर बाबा स्वतः गूळ खात असते तरी त्या पोराला गूळ बाधायचा तो बाधलाच असता.

हा प्रश्न आपल्या गावापुरता आहे असंही नाही. बेल्जियम देशात २०१४ साली मॅगी दे ब्लॉक नावाच्या बाई आरोग्यमंत्री झाल्या. पेशाने फॅमिली डॉक्टर. वर्षानुवर्षं रुग्ण तपासलेल्या, आधी निर्वासितांचं खातं सांभाळून लोकप्रिय झालेल्या. पण त्या मंत्री होताच चर्चा कशाची सुरू झाली, तर इतकी लठ्ठ बाई आरोग्यमंत्री म्हणून लोकांना पटेल का, याची! खात्याचं काय करणार हे राहिलं बाजूला. बाई पुढे २०२० पर्यंत त्या खात्यावर होत्या.

त्याच्या पाच वर्षं आधी अमेरिकेत असंच घडलं होतं. २००९ साली ओबामांनी डॉ. रेजिना बेंजामिन यांना सर्जन जनरल म्हणून निवडलं. हे तिथलं मोठं पद, सगळ्या देशाला आरोग्याचा सल्ला देणारं. या बाईंनी अलाबामा राज्यातल्या बायू ला बात्रे नावाच्या कोळ्यांच्या गावात गोरगरिबांसाठी दवाखाना चालवला होता. १९९८ च्या वादळात तो गेला, २००५ च्या कतरीना वादळात पुन्हा गेला, परत उभा राहत होता तोवर आगीत जळाला. बाईंनी तो तिन्ही वेळा उभा केला. एवढं असून टीव्हीवर काथ्याकूट कशाचा, तर त्यांच्या गोल चेहऱ्याचा आणि वजनाचा.

या बेंजामिनबाईंची एक गोष्ट मला फार आवडते. २०११ साली त्या चक्क केशरचनेच्या एका मोठ्या प्रदर्शनात गेल्या. देशाची मोठी डॉक्टर केस कापणाऱ्यांच्या मेळ्यात कशाला, म्हणून लोक बुचकळ्यात पडले. पण त्यांना ठाऊक होतं, की अमेरिकेतल्या पुष्कळ कृष्णवर्णीय बायका व्यायाम टाळतात त्याचं एक कारण केस हे आहे. पार्लरमध्ये पैसे आणि तास घालवून केस बसवून घ्यायचे आणि घामाने ते बिघडायचे! मग व्यायामच नको. बाईंनी केशरचनाकारांनाच सांगितलं, घाम आला तरी टिकेल अशी रचना शोधा. आता हे एखाद्या जिममधल्या पैलवानाला सुचलं असतं का? ज्या बाईला त्या बायकांच्या अडचणी आतून माहीत आहेत तिलाच हे सुचतं.

आमच्या हिंजवडीच्या अडचणी तर वेगळ्याच. माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हा आयटी पार्क नुकतंच उभं राहत होतं. सासरच्या बायका आषाढात गुडघाभर चिखलात उभं राहून भातलावणी करायच्या, डोक्यावरून चाऱ्याचे भारे आणायच्या. मुळशी तालुका तो, आंबेमोहोर पिकवणारा! मग जमिनी गेल्या, पैसे आले, वाड्याच्या जागी खोल्या झाल्या. हातातलं खुरपं गेलं आणि भाड्याची वही आली. जेवण मात्र तेच राहिलं, शेतावर राबणाऱ्या बाईचं. वर मुलांनी मागवलेलं चायनीज. आता म्हणतात, बायांनो, चाला. कुठे चालू? रस्त्याला सिमेंटचे मिक्सर, डंपर आणि कंपन्यांच्या बसेस, वर मेट्रोचं काम. फूटपाथ असला तर त्यावर टपरी. कंपनीतली मुलं काचेच्या आत ट्रेडमिलवर धावतात. आमच्या सासवांना सून पहाटे गाऊनवर चालायला गेलेली चालत नाही आणि साडीवर भराभर चालता येत नाही.

हे सगळं आशाताईंना माहीत आहे, कारण त्या यातच राहतात. त्या कोचला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या टॉवरला आतच बाग आहे.

बरं, सडपातळ दिसणारा माणूस निरोगी असतो, हे तरी कुणी ठरवलं? याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मधुमेहातले जगन्मान्य संशोधक. त्यांनी आणि इंग्लंडमधल्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो छापला. दोघंही बारीक. उंचीच्या प्रमाणात वजन किती, हे सांगणारा जो आकडा असतो, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो दोघांचा अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे दुपटीहून जास्त. स्वतःच्याच शरीराचं उदाहरण जगापुढे मांडून या माणसाने दाखवून दिलं, की आपण भारतीय बाहेरून बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो. म्हणूनच आपल्याकडे अंगाने काटकुळ्या माणसालाही शुगर होते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीन किलोच्या घरातलं. पण आपल्या बाळाचे स्नायू कमी आणि चरबी मात्र तितकीशी कमी नाही. म्हणजे हे पोटातूनच सुरू होतं, आणि आईला काय खायला मिळालं याच्याशी त्याचा संबंध लागतो.

आता सांगा, फोटो बघून विश्वास ठेवायचा तर याज्ञिक आणि युडकिन यांच्यात कुणाची तब्येत चांगली, हे तुम्हाला-मला ओळखता आलं असतं का? आपले डोळे वजनकाट्यासारखे आहेत असं आपल्याला वाटतं. ते तसे नाहीत. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, ५४ टक्के, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. त्यात बारीकही आल्या आणि जाड्याही. पण जाड बाईला "तुझं हिमोग्लोबिन किती गं?" असं कुणी विचारत नाही. तिच्या अंगावर भरपूर आहे ना!

दुसरी बाजूही सांगायला हवी. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळच्या जेवणाचं सूत्र आमच्या मंडळातही पोचलं आहे. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांचं भाषण ऐकून दीक्षितांनी आधी स्वतःवर प्रयोग केला, वजन उतरवलं आणि मग लोकांना सांगू लागले. लोकांनी ऐकलं त्यामागे 'या माणसाने स्वतः करून दाखवलंय' हे कारण होतंच. ते मी नाकारत नाही. सरकारने त्यांना स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेचा चेहरा केलं तेही त्यामुळेच. आहारतज्ज्ञांचे त्यांच्या सूत्राबद्दल मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. पण मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटतो तो त्यांच्या कमरेमुळे नाही. ते डबा विकत नाहीत, आणि सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या म्हणतात, म्हणून वाटतो. कोच ताईंनी रक्त तपासायला सांगितलंच नव्हतं. त्यांनी फक्त वजन केलं.

पुरुषांचं आणखी एक. आमच्याकडे पुढाऱ्याचं पोट सुटलं की तो 'भारदस्त' होतो आणि डॉक्टर जाड असला की 'अनुभवी'. नितीन गडकरींनी २०११ साली वजन कमी करायची शस्त्रक्रिया करून घेतली. वजनाबद्दल ते मोकळेपणाने बोलतात, चांगलंच आहे ते. २०२२ साली उज्जैनच्या खासदारांना त्यांनी भर सभेत सांगितलं, जितके किलो कमी कराल तितके हजार कोटी तुमच्या मतदारसंघाला देतो. खासदारांनी खरंच वजन उतरवलं आणि देशभर कौतुक झालं. गंमत आहे की नाही? पुरुषाच्या वजनाचा हजार कोटींचा विनोद होतो आणि बाईच्या वजनाने तिचं तोंड बंद होतं. अर्थात पुरुष अगदीच सुटतात असंही नाही. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीच्या वेळी लेखिका शोभा डे यांनी एका अतिलठ्ठ पोलिसाचा फोटो टाकून बंदोबस्तावर कोटी केली होती. तो माणूस निघाला मध्य प्रदेशचा, आणि आजारपणामुळे वजन वाढलं असं त्याने सांगितलं. पुढे मुंबईतच त्याच्यावर उपचार झाले. सगळा देश आधी हसला, कारण मागाहून कळलं. आमच्या समाजमंदिरातही हाच क्रम होता.

तर जाऊबाई.

त्यांना सात वर्षांपासून शुगर. आरोग्य केंद्रातून गोळ्या चालू होत्या. कोच ताई म्हणाली, पावडर घेता ना, मग गोळ्यांची गरज हळूहळू राहणार नाही. जाऊबाईंनी 'हळूहळू' सोडलं आणि बाकीचं ऐकलं. वजन उतरलंही, सहा किलो. साऱ्या गल्लीत कौतुक! मीसुद्धा म्हटलं, "जाऊबाई, दहा वर्षांनी लहान दिसता." आज ते आठवलं की पोटात कालवतं. शुगर बेसुमार वाढली की वजन आपोआपही उतरतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ज्यांना माहीत होतं त्या आल्या होत्या. एकदा नाही, तीनदा. जाऊबाई दोन महिने गोळ्या न्यायला आल्या नाहीत, हे आशाताईंनी वहीत बघितलं आणि त्या घरी आल्या. पहिल्यांदा जाऊबाईंनी चहा दिला. दुसऱ्यांदा दारातच बोलल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "बाई, मी सहा किलो उतरवलेत. तुम्ही आधी तुमचं बघा." मी तिथेच ओट्यावर शेंगा निवडत बसले होते. या वेळी हसले नाही, पण काही बोललेही नाही.

श्रावणात जाऊबाईंच्या डाव्या पायाच्या करंगळीला चपलेने लागलं. जखम चिघळली. दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर ४०० च्या वर होती. अकरा दिवस दाखल होत्या. पाय वाचला, करंगळी गेली. कोच ताईला फोन केला तर म्हणाली, गोळ्या बंद करा असं मी कधी म्हटलंच नाही. आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरंही होतं.

दवाखान्यात पाचव्या दिवशी आशाताई भेटायला आल्या. दोन बस बदलून, पिशवीत मुगाची खिचडी घेऊन. जाऊबाई झोपल्या होत्या. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. मी म्हटलं, "आशाताई, तुमचं ऐकायला पाहिजे होतं." त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, मलापण शुगर आहे. नऊ वर्षं झाली. मधे मीही एकदा गोळ्या बंद केल्या होत्या. एका काढ्याच्या नादाने. डोळ्यापुढे अंधारी येऊन रस्त्यात पडले होते."

मी चकितच झाले. "मग हे बैठकीत का नाही सांगितलंत? जाऊबाईंना का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? नुसती जाडी आहे तर बाया हसतात. वर शुगर आहे म्हटलं असतं तर काय राहिलं असतं माझं? म्हणतील, हिलाच रोग आहे आणि ही आम्हाला शिकवते."

मैत्रिणींनो, मला जे सांगायचं आहे ते या बाकावरचं आहे. आपण आरोग्य सांगणाऱ्या बाईच्या शरीराकडे प्रमाणपत्र म्हणून बघायला लागलो, की तिला तिची सर्वांत कामाची गोष्ट लपवावी लागते. गोळ्या सोडल्यावर काय होतं, हे आमच्या अख्ख्या गावठाणात स्वतःच्या अनुभवाने सांगू शकणारी ती बाई होती. तिचं तोंड आम्ही टेपच्या एका विनोदात बंद केलं. मग ज्या मुलीला शुगर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं तिला शाल-श्रीफळ दिलं. जाऊबाईंच्या करंगळीचा हिशेब मी मांडायला बसते तेव्हा त्यात कोच ताई येते, पण आमची ती समितीची बैठकही येते. 'बघण्यासारखं' या शब्दावर डोललेली माझी मानसुद्धा येते.

आशा योजना २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानात सुरू झाली. साधारण हजार वस्तीमागे एक बाई, पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला. लसीकरण, बाळंतपण, क्षयाची औषधं, घरोघर जाऊन तिशीवरच्या प्रत्येकीची माहिती भरणं आणि कंबर मोजणं, सगळं तिच्याच माथी. कोविडमध्ये आपण दारं लावून बसलो तेव्हा ती दारं वाजवत फिरत होती. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना आरोग्य-नेतृत्वाचा जागतिक पुरस्कार दिला. जिनिव्हात बसलेल्यांना जी बाई आरोग्याची नेता वाटते, ती आम्हाला 'जाडी' वाटली. सकाळी सातला घर सोडून, दुपारी तीनला वडापाव खाऊन, रात्री अकराला जेवणाऱ्या बाईचं वजन वाढलं तर त्यात नवल ते काय? पण हे कारणही मी तिच्या वतीने द्यायला नको. तिने मला कारण सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

असो. यंदाच्या महिला दिनाला बाहेरचं कुणी बोलावलं नाही. आशाताईच बोलल्या. मी त्यांच्यासाठी व्यासपीठाखालीच खुर्ची मांडली, पायऱ्या नकोत म्हणून. त्यांनी पर्समधून आधी आपल्या गोळ्यांची पट्टी काढली आणि पदराआड न धरता वर धरली. सभागृह गप्प. मग मागच्या रांगेतून तोच ओळखीचा आवाज आला, "बाई, तुमची किती होती हो, पडला होता तेव्हा?"

"तीनशे दहा."

"आणि आता?"

"परवा उपाशीपोटी एकशे अठ्ठावीस. अजून खाली आणायची आहे."

जाऊबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पाय पुढे घेऊन. त्या काही बोलल्या नाहीत, पण आशाताईंनी पिशवीतून टेप काढली तेव्हा पहिल्यांदा त्यांनीच हात पुढे केला. टेप रांगेरांगेने मागे गेली. बायका एकमेकींना आकडे सांगत होत्या, हसत होत्या, एकीने तर पोट आत ओढलं म्हणून दुसरीने चापटी मारली. मागच्या रांगेत गेलेली टेप बैठक संपेपर्यंत काही परत आली नाही. पुढच्या महिन्याच्या बैठकीसाठी मंडळाच्या खर्चाने आणखी दोन टेप आणायच्या ठरल्या आहेत.